लाकूड घेऊन जा, मजुरी कशाला?

एप्रिल संपत आला की आमच्याकडे फोन सुरू होतात. "चार पोट्टे आहेत का रे? झाड पाडायचं आहे." फोन करणारा नाव विचारत नाही, भाव विचारत नाही. झाड केवढं आहे, वरून विजेची तार गेली आहे का, खोड पोकळ आहे का, हेही सांगत नाही. आणि शेवटी उपकार केल्यासारखं एक वाक्य ठरलेलं असतं: "लाकूड घेऊन जा, मजुरी कशाला?"

हा लेख त्या एका वाक्याबद्दल आहे.

गेल्या काही वर्षांपासून आम्ही पाच जण भंडारा शहरात आणि आजूबाजूच्या गावांत झाडं छाटण्याचा छोटा व्यवसाय चालवतो. दोघे लहानपणापासून झाडावर चढणारे. एकाने वायरमनचा आयटीआय केलेला. एक जण धानाच्या मोसमात ट्रॅक्टर चालवतो. पाचवा समाजशास्त्रात एम.ए. करून सामाजिक कामात आलेला. तो हिशेब लिहितो आणि खाली उभं राहून दोर धरतो. याशिवाय फांद्या गोळा करायला आणि जागा साफ करायला वस्तीतल्या दोन ताई येतात. एवढाच हा पसारा.

आमचं म्हणणं सरळ आहे. लाकडाच्या बदल्यात झाड पाडून देणं हे बलुतंच आहे, फक्त धान्याच्या जागी लाकूड आलं. ते नाकारल्याशिवाय हे काम व्यवसाय होणार नाही. आणि हे काम व्यवसाय झालं नाही, तर झाडावरून पडणारा पोरगा आपल्याच वस्तीतला असणार.

बलुतं गेलं कुठे?

गावगाड्यात महारांच्या वाट्याला आलेल्या कामांत लाकडं फोडून देणं हे एक ठरलेलं काम होतं. त्याचा मोबदला रोख नव्हता. सुगीला जे मिळेल ते घ्यायचं, तेही देणाऱ्याच्या मर्जीवर. किती काम, कोणत्या वेळी, किती दामाला, यातलं काहीच लिहिलेलं नव्हतं. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदे मंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचं विधेयक मांडलं, तेव्हा त्यांचा रोख नेमका इथेच होता. बलुत्याऐवजी रोख पैसा मिळावा आणि कामं कोणती ते ठरलेलं असावं, ही त्यातली मागणी होती. वतनं कायद्याने जायला पुढे १९५८ साल उजाडावं लागलं.

भंडारा तेव्हा मध्यप्रांतात होता. इथे मालगुजार होते आणि त्यांची बेगार होती. १९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली. मालगुजारांनी बांधलेले तलाव आजही मामा तलाव म्हणून आपल्या धानाला पाणी देतात. पण मालगुजारीची सवय तलावासारखी दिसत नाही, म्हणून ती गेली असं आपण समजतो. ती फोनवरच्या त्या वाक्यात ऐकू येते.

आता लाकडाचा हिशेब बघा. समजा, एका घराच्या आवारात जुनी चिंच आहे. मालकाला ती नको आहे. ठेकेदार म्हणतो, "मी फुकट पाडून देतो, लाकूड माझं." मालक खूश. ठेकेदार वस्तीतून चार पोरं नेतो, प्रत्येकी ५०० रुपये देतो, म्हणजे २,००० रुपये. चिंचेचं खोड आणि जाड फांद्या आरा मशीनवर किंवा वीटभट्टीवर समजा ९,००० रुपयांना गेल्या. पेट्रोल आणि गाडीचे २,००० वजा केले तरी त्याच्या हातात ५,००० उरतात. जो झाडावर चढला त्याला ५००, जो खाली उभा राहून फोनवर बोलत होता त्याला ५,०००. मालकाच्या खिशातून एक रुपया गेला नाही. म्हणजे त्या चार पोरांच्या कौशल्याची किंमत या सगळ्या व्यवहारात कुठेही लावली गेली नाही. किंमत लाकडाला आली, माणसाला आली नाही.

यातून आणखी एक नुकसान होतं, ज्याकडे आपल्या चळवळीचं लक्ष नाही. मोबदला लाकडात असेल, तर झाड वाचवण्यात कोणाचाच फायदा नसतो. चार फांद्या छाटून जे झाड पुढची तीस वर्षं उभं राहिलं असतं, ते मुळापासून पाडलं जातं. कारण चार फांद्यांत ठेकेदाराचं भागत नाही. ज्या दिवशी मोबदला कौशल्याला मिळेल, त्या दिवशी झाड उभं ठेवणंही परवडेल. मजुराचा हक्क आणि झाडाचा जीव हे दोन प्रश्न इथे एकच आहेत. पर्यावरणवाद्यांच्या सभेत हे कोणी बोलत नाही, म्हणून आपण बोललं पाहिजे.

हे काम म्हणजे नुसतं चढणं नाही

"त्यात काय शिकायचं? कुऱ्हाड घेतली, चढलं, तोडलं." असं आपल्यातलेच काही शिकलेले मित्र म्हणतात. त्यांच्यासाठी आमचा एक दिवस सांगतो.

कामाच्या आदल्या संध्याकाळी दोघांनी जाऊन झाड बघायचं, हा पहिला नियम. बुंध्याशी बुरशीची छत्री उगवली आहे का, खोडाला ठोकल्यावर पोकळ आवाज येतो का, दोन फांद्यांच्या बेचक्यात चीर आहे का, आग्या मोहोळ आहे का. फांदी पडेल कुठे: कौलावर, भिंतीवर, की शेजाऱ्याच्या मोटारसायकलवर? झाड कोणतं हेही महत्त्वाचं. कडुनिंबाची फांदी वाकून सूचना देते. शेवग्याची आणि गुलमोहराची देत नाही, कट्‌कन तुटते. शेवग्यावर चढू नये हे आपल्या आज्या सांगायच्या, ते वनस्पतिशास्त्रच होतं.

मग परवानगी. नगरपरिषदेच्या हद्दीत १९७५ चा झाडांच्या संरक्षणाचा कायदा लागू आहे. वृक्ष अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय झाड पाडता येत नाही. २०२१ च्या दुरुस्तीने पन्नास वर्षं किंवा त्याहून जुन्या झाडाला वारसा वृक्षाचा दर्जा दिला आणि त्याच्यासाठी अधिक कडक अटी घातल्या. गावात शेताच्या बांधावरचं झाड असेल तर १९६४ चा वृक्षतोडीचा कायदा येतो. साग, मोह, आंबा, चिंच, जांभूळ, ऐन, खैर ही झाडं त्याच्या यादीत आहेत. लाकूड गाडीत भरलं की वाहतुकीच्या परवान्याचा प्रश्न येतो. ठेकेदार म्हणतो, "कागदाचं मी बघतो." पण गाडी अडवली गेली की ठेकेदार जागेवर नसतो. कुऱ्हाड ज्याच्या हातात, तोच आरोपी. म्हणून आमचा नियम असा की परवानगीचा कागद डोळ्यांनी बघितल्याशिवाय मशीन सुरू करायचं नाही.

सकाळी सहाला काम सुरू. मे महिन्यात भंडाऱ्याच्या उन्हात दहानंतर झाडावर राहणं म्हणजे चक्कर येऊन पडणं. निघण्याआधी साखळीच्या दातांना कानस लावायची, पेट्रोलमध्ये ऑइलचं प्रमाण बघायचं, दोर हातातून पूर्ण सरकवून कुठे काचला आहे का ते तपासायचं. बेल्ट पूर्ण अंगाचा लागतो. नुसता कमरेचा पट्टा माणसाला पडू देत नाही हे खरं, पण झटका बसला की कंबर आणि पाठ निकामी करतो. मशीन खांद्याच्या वर उचलायचं नाही, एका हाताने चालवायचं नाही, शिडीवर उभं राहून तर कधीच नाही. टोक लागून उलटं उसळलं तर ते सरळ मानेकडे येतं.

विजेची तार जवळ असेल तर फोनवरच्या "लाईन बंद केली" या शब्दावर आम्ही विश्वास ठेवत नाही. लाईनमन जागेवर हवा, डीपीवरून पुरवठा तोडलेला हवा आणि तारांना अर्थिंग केलेलं हवं. कारण कोणाच्या तरी घरातल्या जनरेटरचा उलटा करंट बंद तारेत येऊ शकतो. हे आमच्या वायरमन मित्राने आम्हाला शिकवलं. त्याच्या आयटीआयचा उपयोग नोकरीत झाला नाही, पण आमचे जीव वाचवण्यात रोज होतो.

आणि प्रत्यक्ष छाटणी. जड फांदी एकदम वरून कापली तर ती पडताना खोडाची साल फाडत खाली नेते. म्हणून आधी खालून अर्धवट काप, मग थोडं पुढे वरून काप, आणि वजन गेल्यावर शेवटचा काप. तो शेवटचा काप कुठे घ्यायचा हे खरं शिक्षण आहे. फांदी खोडाला जिथे मिळते तिथे फुगीर कड असते. ती कापायची नाही आणि तिच्यापुढे खुंटही सोडायचा नाही. अमेरिकेच्या वनखात्यातले शास्त्रज्ञ ॲलेक्स शायगो यांनी हजारो झाडं चेनसॉने उभी चिरून हे दाखवून दिलं. झाडाची जखम आपल्या त्वचेसारखी भरून येत नाही. झाड ती जागा आतून बंद करतं आणि तिच्यावरून नवं लाकूड वाढवतं. ती कड शाबूत असेल तरच हे नीट होतं. वरून डांबर किंवा ऑइलपेंट फासल्याने सड थांबत नाही, हेही त्यांच्याच कामातून पुढे आलं. आपल्याकडे रस्त्याच्या कडेची झाडं दरवर्षी शेंड्यापासून मुंडली जातात आणि कापावर रंग फासला जातो. ती झाडं आतून कुजतात आणि एखाद्या वादळात कोणाच्या तरी अंगावर पडतात.

इंग्लंड-अमेरिकेत हे काम करणाऱ्याला 'ट्री सर्जन' म्हणतात, म्हणजे झाडाचा शल्यविशारद. काम तेच, दोर तोच, मशीनही तेच. तिथे सर्जन आणि इथे "चार पोट्टे". हा फरक झाडाने केलेला नाही.

आडनाव, पाणी आणि पिंपळ

कोणी म्हणेल, यात जात कुठून आली? ठेकेदार तर सगळ्याच गरिबांना लुटतो.

जात तीन ठिकाणी येते. पहिली, आडनावात. गेटमधून आत गेल्यावर पहिला प्रश्न असतो, "कोण गावचे?" दुसरा प्रश्न असतो, "आडनाव काय?" झाडाबद्दलचा प्रश्न तिसरा. आडनाव सांगितल्यावर पाण्याचा ग्लास येतो की आवारातल्या नळाकडे बोट दाखवलं जातं, यावरून आम्हाला कळतं की आज भावासाठी किती घासाघीस होणार. हे प्रत्येक घरी होतं असं आम्ही म्हणत नाही. प्रेमाने चहा पाजणारी, ठरल्यापेक्षा जास्त पैसे देणारी माणसंही भेटली. पण आडनावाचा प्रश्न विचारलाच गेला नाही, असे दिवस थोडे.

दुसरी, भावात. "तुमच्यातले तर पाचशेत येतात," हे वाक्य आम्ही इतक्यांदा ऐकलं आहे की त्याचा रागही आता येत नाही. "तुमच्यातले" हा शब्द भाव ठरवतो. प्लंबरला कोणी असं म्हणत नाही, एसी दुरुस्त करणाऱ्यालाही नाही.

तिसरी जागा पिंपळाची आहे. घराच्या भिंतीत, विहिरीच्या कठड्यात पिंपळ उगवतो आणि मुळं भिंत फोडतात. तो काढावा तर लागतो, पण पिंपळ तोडला की घराला दोष लागतो अशी भीती. मग आम्हाला बोलावणं येतं. "तुम्ही मानत नाही ना हे सगळं, तुम्हीच तोडा." म्हणजे भिंत त्यांची, फायदा त्यांचा, पाप आमच्या नावावर. मेलेलं ढोर ओढायला ज्या तर्काने आपल्या आजोबा-पणजोबांना बोलावलं जायचं, तोच हा तर्क. ज्याला हात लावायला स्वतःला भीती किंवा किळस वाटते, ते काम ज्याला आधीच खाली ढकललं आहे त्याच्याकडे द्यायचं.

आणि गंमत अशी की पिंपळ आपल्यासाठी परका नाही. तो बोधिवृक्ष आहे. त्याला सूत गुंडाळून आपण फेऱ्या मारत नाही, पण त्याच्याखाली सिद्धार्थाला बोधी प्राप्त झाली हे आपल्या घरातलं लहान मूलही सांगतं. म्हणून आम्ही ठरवलं: भिंतीतला पिंपळ आम्ही काढू, पण दोषाच्या भीतीने बोलावलेले म्हणून नाही. मुळासकट निघण्यासारखा असेल तर तो काढून मोकळ्या जागी लावायचा, आणि या कामाचे पैसे पूर्ण घ्यायचे. पहिल्यांदा हे सांगितलं तेव्हा घरमालक चक्रावले. त्यांना वाटलं होतं आम्ही नारळ मागू.

पडलेल्या माणसाची हजेरी

हा व्यवसाय सुरू होण्याआधी आमच्यातला एक जण एका ठेकेदाराकडे जायचा. गुलमोहराची फांदी कापताना, ज्या फांदीवर पाय होता तीच तुटली. कमरेला नुसता दोर. खांदा आणि दोन बरगड्या गेल्या. ठेकेदाराने दवाखान्याचं पहिलं बिल भरलं, तेही उपकार म्हणून. दुसऱ्या बिलाच्या वेळी म्हणाला, "मी कुठे चढ म्हटलं? तो आपल्या मर्जीने चढला."

आम्ही कागद शोधले. हजेरी नाही, पावती नाही. मजुरी रोख मिळायची, तीही कधी धाब्यावर, कधी पानठेल्यावर. कामगार नुकसानभरपाईचा कायदा या देशात १९२३ साली झाला, किमान वेतनाचा १९४८ साली. पण कायद्यासमोर उभं राहायला आधी तुम्ही कामगार आहात हे सिद्ध व्हावं लागतं. आमचा मित्र कागदावर कामगार नव्हताच. तो "चार पोट्ट्यां"मधला एक होता.

संविधानाच्या कलम २३ ने बेगारीवर बंदी घातली आहे. १९८२ साली दिल्लीतल्या एशियाडच्या बांधकाम मजुरांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की किमान वेतनापेक्षा कमी पैशांत काम करून घेणं हेसुद्धा कलम २३ मधली सक्तीची मजुरीच आहे. कारण भुकेने लाचार झालेला माणूस स्वतःच्या मर्जीने काम करत नसतो. "तो आपल्या मर्जीने चढला" या वाक्याचं याहून चांगलं उत्तर आम्हाला सापडलं नाही.

तो मित्र तीन महिन्यांनी उठला. आमचा व्यवसाय त्या तीन महिन्यांत ठरला. आमची पहिली खरेदी मशीन नव्हती. आम्ही आधी एक रजिस्टर घेतलं.

त्या रजिस्टरात रोज कोण आलं, कोणी काय काम केलं, किती पैसे मिळाले हे लिहिलं जातं आणि प्रत्येक जण सही करतो. कामाचा भाव आधी कागदावर. समजा चार जणांचं एका दिवसाचं काम आहे: मजुरी प्रत्येकी ७०० प्रमाणे २,८००, पेट्रोल-ऑइल ५००, मशीनची झीज ३००, गाडी ६००, विमा आणि सुरक्षेचं सामान २००, व्यवसायाचा राखीव पैसा ६००. एकूण ५,०००. हा कागद घरमालकाला दाखवायचा. लाकूड मालकाचं. त्याला नको असेल तर वजन करून जी किंमत ठरेल ती बिलातून वजा, तीही लिहून. घासाघीस करणारे करतात, पण कशावर करायची ते त्यांना ठरवावं लागतं: पेट्रोलवर, विम्यावर, की माणसाच्या मजुरीवर? बहुतेक जण तिथे गप्प होतात.

प्रत्येकाचं ई-श्रम कार्ड काढलं, उद्यम नोंदणी केली. तिला पैसे लागत नाहीत. बँकेतून वर्षाला २० रुपये कापून मिळणारा प्रधानमंत्री सुरक्षा विमा प्रत्येकाने घेतला. त्यात अपघाती मृत्यूला २ लाख रुपये मिळतात. एका जिवाची ही किंमत नाही हे आम्हालाही कळतं. पण जिथे शून्य होतं तिथे कागद आला.

आपल्याच लोकांचे तीन आक्षेप

पहिला आक्षेप: "बाबासाहेबांनी घाणेरडी, हलकी कामं सोडायला सांगितली. तुम्ही शिकलेल्या पोरांना परत झाडावर चढवता?"

बाबासाहेबांनी सोडायला सांगितली ती जन्माने लादलेली, अपमानाची आणि बिनहिशेबाची कामं. हाताने काम करणं कमी प्रतीचं आहे असं त्यांनी सांगितलं नाही. उलट 'ॲनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये त्यांनी दाखवलं की जात माणसाला त्याची आवड आणि कुवत न बघता कामाला जुंपते, म्हणून त्याला त्या कामाचा तिटकारा येतो, आणि असं काम कधीच चांगलं होत नाही. प्रश्न झाडाचा नाही, प्रश्न निवडीचा आहे. आम्ही हे काम निवडलं, शिकलो, त्याचा भाव आम्ही ठरवतो आणि नको असेल तेव्हा नाही म्हणतो. अभ्यासिकेत एमपीएससीसाठी बसलेल्या मित्रांना आम्ही खाली बघत नाही. त्यांची लढाई वेगळी आहे. पण जागा थोड्या आणि परीक्षा देणारे हजारो असताना, बाकीच्यांनी काय करायचं हे चळवळीने सांगायला नको का?

दुसरा आक्षेप: "उद्या तुम्हीही ठेकेदारच होणार."

हा आक्षेप खरा आहे आणि आम्हाला तो रोज टोचतो. सुरुवातीला त्या दोन ताईंना आम्ही पुरुषांच्या निम्मी मजुरी देत होतो. बाजारात तेच चालतं म्हणून. एकदा सहीच्या वेळी त्यातली एक ताई म्हणाली, "रजिस्टर तर मोठं समतेचं केलं भाऊ, पण आमच्या रकान्यात अर्धेच कसे?" आम्ही खाली मान घालून बसलो. समान मोबदल्याचा कायदा १९७६ सालचा, आमच्यातल्या एम.ए. झालेल्याला तो पाठ होता. त्या दिवसापासून चढणाऱ्याला धोक्याचा वेगळा भत्ता आहे, पण दिवसाची मजुरी सगळ्यांना सारखी. वही कोणालाही कधीही बघता येते. ठेकेदार होण्यापासून आम्हाला दुसरं काही वाचवणार नाही, ती उघडी वहीच वाचवेल.

तिसरा आक्षेप: "बौद्ध असून झाडं तोडता?"

विनयात भिक्खूंना झाडं तोडायला मनाई आहे, हे खरं. आम्ही उपासक आहोत आणि आमच्यासमोर प्रश्न सम्यक आजीविकेचा आहे. शस्त्रं, प्राणी, मांस, मद्य आणि विष यांचा व्यापार उपासकाने करू नये असं बुद्धांनी सांगितलं. झाडाची काळजी घेऊन पोट भरणं त्यात बसत नाही. पण हा आक्षेप आम्ही थट्टेवारी नेत नाही. त्यामुळेच आम्ही आधी विचारतो: पाडायलाच हवं का? दहातल्या काही कामांत तरी मालक छाटणीवर राजी होतो. लाकडावर पोट असतं तर हा प्रश्न विचारणं आम्हाला परवडलं नसतं.

पुढे काय करायचं?

एप्रिल ते जून काम भरपूर, जुलै-ऑगस्टमध्ये रोवणी लागली की अर्धे हात बांधीत, दिवाळीआधी घरं रंगवताना पुन्हा थोडं काम. मधल्या महिन्यांत खरी ओढाताण. पाच जणांचा व्यवसाय फक्त घरगुती कामांवर टिकत नाही. म्हणून काही गोष्टी चळवळीने हातात घ्याव्यात असं आम्हाला वाटतं.

एक. केंद्र सरकारच्या २०१२ च्या खरेदी धोरणाप्रमाणे केंद्रीय खाती आणि सार्वजनिक कंपन्यांनी आपली २५ टक्के खरेदी सूक्ष्म व लघु उद्योगांकडून आणि ४ टक्के अनुसूचित जाती-जमातीच्या उद्योजकांकडून करायची आहे. सेवाही त्यात येतात. नोंदणीकृत सूक्ष्म उद्योगाला निविदेची अनामत रक्कमही माफ आहे. आपल्या जिल्ह्यात जवाहरनगरचा आयुध कारखाना आहे, तुमसर तालुक्यात चिखला आणि डोंगरी बुजुर्ग इथे मॉयलच्या खाणी आहेत. झाडं छाटण्याचं काम या धोरणाखाली किती जणांना मिळालं, हे माहितीच्या अधिकारात विचारायला एक अर्ज आणि दहा रुपये लागतात.

दोन. नगरपरिषद असो की वीज कंपनी, पावसाळ्याआधीच्या छाटणीच्या ठेक्यात चढणाऱ्या प्रत्येक मजुराचं नाव, विमा आणि पूर्ण अंगाचा बेल्ट ही अट असावी. नाव नसेल तर बिल मंजूर होऊ नये.

तीन. बार्टीने आणि आयटीआयने दोर, चेनसॉ आणि छाटणीचं छोटं प्रशिक्षण सुरू करावं. स्पर्धा परीक्षेच्या वर्गाइतकीच याचीही गरज आहे.

चार. हे फक्त बौद्ध पोरांचं काम नाही. मोहाच्या झाडावर सहज चढणारे गोंड मित्र आहेत, दोराच्या गाठी आमच्यापेक्षा चांगल्या मारणारे ढिवर मित्र आहेत. ठेकेदाराकडे हे सगळे एकाच टेम्पोत बसून जातात. रजिस्टरवर मात्र अजून एकत्र आले नाहीत.

शेवटी एक गोष्ट. १९५४ च्या पोटनिवडणुकीत बाबासाहेब भंडाऱ्यातून लोकसभेला उभे राहिले आणि हरले. २९ सप्टेंबर २००६ ला याच जिल्ह्यात, मोहाडी तालुक्यातल्या खैरलांजीत, स्वतःची शेती कसून ताठ मानेने जगणाऱ्या कुटुंबाचं काय केलं गेलं ते तुम्हाला माहीत आहे. आपल्या माणसाने आपल्या पायावर उभं राहणं इथे अनेकांना खुपतं. म्हणून एकट्याने उभं राहू नका. चार-पाच जण मिळून राहा, लिहून ठेवा, सही घ्या.

आता फोन आला की आम्ही तीन प्रश्न विचारतो. झाड कोणतं? तार जवळ आहे का? परवानगी घेतली का? मग भाव सांगतो. समोरचा अजूनही म्हणतो, "अहो, लाकूड घेऊन जा ना, मजुरी कशाला?" आम्ही म्हणतो, "लाकूड तुमचंच राहू द्या साहेब. आम्ही मजुरी घेऊ."

काही जण फोन ठेवून देतात. काही जण दुसऱ्या दिवशी परत करतात.

जय भीम!